एडविन आर्मस्ट्राँग : रेडिओसाठी झिजलेला माणूस

वाचकहो, अंगठ्याएवढे एक यंत्र संगणकाला जोडावे, त्याला तारेची साधी एरियल लावावी आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर सुरू करावे, की पडद्यावर रेडिओच्या लहरी रंगीत धबधब्यासारख्या उतरू लागतात. हे स्वस्त यंत्र मुळात टेलिव्हिजन पाहण्यासाठी बनले होते. ते रेडिओ म्हणूनही चालते, हे हौशी मंडळींना २०१२ च्या सुमारास उमगले. हा छंद लागलेल्या मुलांना आम्ही प्रथम एफएम केंद्र लावायला सांगतो. ते जोरदार असते, चटकन सापडते. ते स्वच्छ ऐकू आले की ज्या माणसाची आठवण करावी, त्याची ही कथा आहे. चंद्रावर गेलेले आर्मस्ट्राँग निराळे. हे एडविन आर्मस्ट्राँग.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आई शिक्षिका होती, वडील पुस्तक प्रकाशनाच्या कचेरीत. लहानपणी मोठे आजारपण आले आणि खांद्याला व मानेला झटके येण्याची खोड जन्मभर राहिली. एकलकोंडा एडविन यॉंकर्सच्या घरातील पोटमाळ्यावर बिनतारी यंत्रे जुळवत बसे. दूरचे क्षीण संदेश पकडता यावेत म्हणून त्याने अंगणात सुमारे १२५ फूट उंच मनोरा स्वतः उभारला.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ साली, त्याला पहिली युक्ती सापडली. रेडिओच्या व्हाल्व्हमधून बाहेर आलेला आवाज पुन्हा आत फिरवला तर तो कित्येक पटींनी वाढतो, आणि आणखी फिरवला तर व्हाल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो. पेटंटसाठी पैसे हवे होते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. तेव्हा त्याने आकृतीवर तारखेची कायदेशीर साक्ष तेवढी करून घेतली. पेटंट १९१४ साली मिळाले.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातर्फे पॅरिसला होते. तेथे १९१८ साली दुसरा शोध लागला, सुपरहेटरोडाइन. नाव अवघड, पण गोष्ट सोपी आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की दोहोंमधील फरकाची संथ लय ऐकू येते. तसेच, आलेल्या वेगवान लहरीत यंत्राने स्वतःची एक लहर मिसळायची आणि फरकाची संथ लहर घ्यायची. संथ लहर वाढवणे व गाळणे सोपे जाते. १९२३ साली मॅरियन मॅकइनिस यांच्याशी लग्न झाले तेव्हा त्यांनी वधूला भेट दिली ती असाच एक उचलून नेता येणारा रेडिओ.

तिसरा शोध सर्वांत मोठा. जुन्या रेडिओवर वीज कडाडली की खरखर होई, हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असेल. विजेचा गोंधळ मुख्यतः लहरीच्या उंचीत ढवळाढवळ करतो. म्हणून आर्मस्ट्राँग यांनी आवाज उंचीत न ठेवता लहरीच्या कंपनांच्या कमीजास्तपणात ठेवला. हेच एफएम, पेटंट १९३३. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंत्यांपुढे प्रयोग झाला. यॉंकर्सच्या एका हौशी मित्राच्या केंद्रावरून पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाज जसाच्या तसा सभेत ऐकू आला.

येथून दुःखाचे दिवस सुरू झाले. पहिल्या शोधाचा मान ली डी फॉरेस्ट यांचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९३४ सालीच दिला होता. आर्मस्ट्राँग आपले पदक परत द्यायला गेले. अभियंत्यांच्या संस्थेने ते घेण्यास नकार दिला. एफएमसाठी त्यांनी अल्पाइन येथे स्वखर्चाने उंच मनोरा व केंद्र उभारले. पण १९४५ साली सरकारने एफएमची जागाच बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेली, आणि लोकांच्या घरातील एफएम संच निरुपयोगी झाले. आर.सी.ए. कंपनीवर १९४८ साली लावलेला दावा वर्षानुवर्षे लांबला. पैसा गेला, प्रकृती गेली, घरची शांती गेली. १९५४ च्या जानेवारीअखेर, वयाच्या ६३ व्या वर्षी, निराश होऊन त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

मॅरियनबाईंनी दावे सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आर.सी.ए.ने दहा लाख डॉलरांहून अधिक देऊन तडजोड केली. शेवटचा दावा बाईंनी १९६७ साली जिंकला. ऐकायला ते नव्हते.

मुलांनो, त्या इवल्या यंत्रात हा माणूस आहे. यंत्र स्वतःची लहर निर्माण करते, ती आलेल्या लहरीत मिसळते आणि फरकाची लहर घेते. मगच तिचे आकडे करून संगणकाकडे पाठवते. आणि ऐकू येते ते त्यांचेच एफएम. सुरुवात करताना एरियलची तार सुमारे ७५ सेंटिमीटर घ्या, ती खिडकीपाशी उभी व संगणकापासून दूर ठेवा, आणि आवाज वाढवण्याचे बटण एकदम शेवटापर्यंत नेऊ नका. पुढे इतर संदेश ऐकण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहा.

आणि आईवडिलांना आमची विनंती एवढीच, की पोटमाळ्यावर एकटा खटपट करणाऱ्या मुलाला हसू नका. आणि मोठेपणी तो झगडताना दिसला, तर त्याला एकटा सोडू नका.