रणरागिणींची तुकडी उभारणाऱ्या अहिल्याबाई

जालना जिल्ह्यातून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्यांना मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकर ठाऊक असतात. त्यांनी स्त्रियांच्या हाती शस्त्रे दिली होती, हे मात्र पोलीस भरतीसाठी घाम गाळणाऱ्या जिल्ह्यातील मुलींना क्वचितच सांगितले जाते.

चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी रोखले व कारभारात घातले. १७६६ मध्ये मल्हारराव, पाठोपाठ पुत्र मालेरावही गेले. दौलत ताब्यात घेण्यासाठी राघोबादादा फौजेनिशी माळव्यात आले, तेव्हा बाईंनी स्त्रियांची तुकडी सज्ज केली, असे चरित्रकार सांगतात. बायकांकडून हार झाल्यास अब्रू जाईल, हा त्यांचा निरोप वर्मी लागला. लढाई टळली.

खरी कसोटी पुढेच होती. माळव्याच्या वाटांवर भिल्लांच्या टोळ्या प्रवाशांना लुटत. बाईंनी आधी सामोपचार केला, नंतर कठोर शिक्षाही दिल्या. अखेर भिल्लांचा वाटसरूंकडून कर घेण्याचा पूर्वापार हक्क मान्य केला. मात्र त्यांच्या हद्दीतील चोरीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. लुटणारेच वाटेचे राखणदार झाले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे निधन होईपर्यंत हा कारभार त्यांच्याच हाती राहिला.