विश्लेषण : विश्व मोजण्याची ‘फूटपट्टी’ शोधणाऱ्या हेन्रिएटा लेविट कोण होत्या?

आकाशातला एखादा तारा मंद दिसतो, तो मुळातच मंद आहे म्हणून की फार दूर आहे म्हणून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दूरच्या ताऱ्यांबाबत याचे उत्तर मिळत नव्हते. ते मिळवून दिले हेन्रिएटा स्वान लेविट यांनी.

वेधशाळेत काम काय होते?

लेविट यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. हार्वर्ड वेधशाळेत त्या आधी विनावेतन, नंतर तासाला ३० सेंट मजुरीवर काम करत. ऐकण्याची शक्ती जवळपास गेली होती, प्रकृतीही साथ देत नव्हती. पेरू देशातील आरेकिपा येथून आलेल्या काचेवरील छायाचित्रांतून तेज बदलणारे, म्हणजे रूपविकारी तारे हुडकणे हे त्यांचे काम. १९०८ मध्ये त्यांनी दोन मॅगेलन मेघांतील अशा १,७७७ ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली.

शोध नेमका कोणता?

लहान मॅगेलन मेघ ही सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली बटू दीर्घिका आहे. तिथले ‘सेफीड’ तारे ठरावीक काळाने फुगतात आणि आकसतात, तसे त्यांचे तेज बदलते. अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास करून लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवले, की तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा आवर्तनकाळ मोठा.

गंगाखेडला गोदावरीच्या काठावरून दूरच्या गावाचे दिवे पाहिले, तर सगळे दिवे जवळपास सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे जो जास्त उजळ दिसतो, तो खरोखरच जास्त उजळ असतो. मेघातील ताऱ्यांचेही तसेच. आवर्तनकाळावरून ताऱ्याचे खरे तेज कळते. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडले, की अंतर निघते.

श्रेय कुणाला?

१९१२ च्या निबंधावर सही वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची होती. तो लेविट यांनी तयार केल्याचा उल्लेख मात्र त्यात होता. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत सेफीड सापडला आणि याच नियमाच्या आधारे देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफलर यांनी नोबेलसाठी लेविट यांचे नाव सुचवण्याच्या हेतूने पत्र पाठवले. तोवर त्यांच्या मृत्यूला तीन वर्षे उलटली होती आणि नोबेलसाठी मृत व्यक्तीचा विचार होत नाही.

परभणीतून काय दिसते?

लहान मॅगेलन मेघ इतका दक्षिणेला आहे, की परभणी जिल्ह्यातून तो डोळ्यांना दिसेल इतका वर येतच नाही. मात्र ज्या ताऱ्यावरून ‘सेफीड’ हे नाव पडले, तो वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा सेफी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला दिसतो. त्याचा आवर्तनकाळ सुमारे ५.४ दिवसांचा आहे. काळोख्या शिवारातून शेजारच्या ताऱ्यांशी रोज तुलना केली, तर त्याच्या तेजातला फरक दुर्बिणीशिवायही टिपता येतो.