गणेशखिंडीचा बॅरिस्टर

पुणे विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १० फेब्रुवारी १९४८ रोजी संमत केला, तेव्हा गांधीहत्येला अवघे अकरा दिवस झाले होते. अशा काळात नव्या विद्यापीठाची धुरा वाहायला पहिले कुलगुरू म्हणून निवडले गेले बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. वय चौऱ्याहत्तर.

१३ नोव्हेंबर १८७३ रोजी जन्मलेले जयकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९०५ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात त्यांनी नाव कमावले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. पुढे स्वराज पक्ष, मध्यवर्ती कायदेमंडळ, गोलमेज परिषद असा प्रवास झाला. सरकार आणि काँग्रेस यांच्यात सप्रूंबरोबर केलेल्या मध्यस्थीमुळे ते देशभर ओळखले गेले. १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. मात्र मध्यस्थाच्या वाट्याला टाळ्या फारशा येत नाहीत. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावरील निर्णय मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत लांबवावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती सभागृहाला रुचली नाही.

शिक्षणाच्या कायद्याशी त्यांचा संबंध मात्र त्याआधीचा. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे का, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तोवर पुणे, नाशिक, नगरच्या विद्यार्थ्यांची पदवी मुंबई विद्यापीठाचीच असे. समितीत चर्चिली गेलेली कल्पना कायद्यात उतरली आणि ती राबवण्याची जबाबदारी तिच्या अध्यक्षांवरच आली.

कायदा होता, पण जागा नव्हती. प्रारंभीचे कामकाज भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाउसमध्ये चालले. अखेर बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीतील ४०० एकरांहून अधिक जमीन दिली आणि १९४९ मध्ये विद्यापीठ तेथे हलले. मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरांचा जुना बंगला. १८९७ च्या जून महिन्यात याच बंगल्यातील समारंभातून परतताना रँडवर चापेकरांची गोळी सुटली होती. त्या वास्तूत आता अभ्यास मंडळांच्या बैठका भरू लागल्या. सुरुवातीला विद्यापीठाशी जेमतेम अठरा महाविद्यालये आणि सुमारे आठ हजार विद्यार्थी जोडलेले होते.

परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे कार्यालय एवढेच विद्यापीठाचे रूप राहू नये, तेथे पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनही व्हावे, हा प्रयत्न आरंभापासून होता. बॅरिस्टरसाहेब तब्बल आठ वर्षे, १९५६ पर्यंत, त्या पदावर राहिले. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. त्याचा पहिला खंड १९५८ मध्ये निघाला. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले.