मालगुंडचे मास्तर

दहावीच्या निकालानंतर आपल्यापैकी किती जणांनी चित्रांच्या, कवितांच्या वह्या माळ्यावर टाकल्या, आठवतंय? कोणी डी.एड.ला गेला, कोणी बँकेत. माझीही वही माळ्यावरच गेली. म्हणून या अंकासाठी गणपतीपुळ्याच्या शेजारच्या मालगुंडात १८६६ साली जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांच्याबद्दल लिहितो आहे.

वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण गावोगाव, अडखळत झालं. मॅट्रिक झाले १८८९ साली, ऐन तेविशीत. कॉलेज राहिलंच. मग मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. आज एक शाळा, उद्या दुसरी. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता त्याच ओढाताणीतल्या, १८९३ सालच्या! संसाराचा भार होता, म्हणून त्यांनी मास्तरकी सोडली नाही. कविताही सोडली नाही. खरं तर त्यांची ‘पोटापाण्याची’ वाटही कधी भरवशाची नव्हती. मुंबईत प्लेग आला, तसे ते खानदेशात गेले. भडगाव, फैजपूर इथे शिकवलं. १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून गेले. आता जरा बस्तान बसेल असं वाटत होतं.

नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. काही दिवसांतच पत्नीही गेली. हयातीत एकही संग्रह निघाला नव्हता. तो नंतर हरि नारायण आपट्यांनी काढला. सगळ्या मिळून कविता साधारण १३५.

स्नेहमेळाव्याला आलात की मालगुंडचं स्मारक जरूर बघा. त्यांचा फोटो मात्र शोधू नका. तो उपलब्धच नाही.