घाटमाथ्यावरचा आवाज

मुरुड : मुरुड तालुक्यातील कोर्लई गावात पोर्तुगीज वळणाची एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. चौल आणि कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४० मध्ये मराठ्यांच्या हवाली केला. सत्ता गेली, भाषा मागे राहिली. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, गोव्यात, ती सत्ता त्यानंतर आणखी २२१ वर्षे टिकून होती. तिच्या अखेरच्या सहा वर्षांत तिच्याच भाषेत तिच्याविरुद्ध बोलत राहिलेल्या माणसाचे नाव वामन सरदेसाई.

डोंगरमाथ्यावर छोटा रेडिओ संच नेऊन दूरवरच्या अनोळखी माणसांशी संपर्क साधणे हा आज जगभरातील हौशी रेडिओचालकांचा आवडता छंद आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली त्यासाठी स्वतंत्र उपक्रमच सुरू झाला. पाठपिशवीत मावणारा संच, एक बॅटरी, काठीला ताणलेली तार. दोन-चार तास बोलावे आणि दिवेलागणीपूर्वी गड उतरावा. सरदेसाई यांचा संच ट्रकवर होता आणि डोंगर सोडायला त्यांना सहा वर्षे लागली. शिवाय त्यांच्या हाकेला पलीकडून उत्तर येण्याची सोय नव्हती.

सरदेसाई यांचा जन्म १९२३ चा. त्यांची पिढी वयात आली तेव्हा गोव्यावर सालाझारच्या हुकूमशाहीचा अंमल होता. वृत्तपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाई, सभाबंदी होती आणि राजकीय कैद्यांना पोर्तुगालमधील तुरुंगात धाडले जाई. १९४७ नंतरही यात फरक पडला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवले, सीमा बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी सुरू केली. नाकेबंदीने पोर्तुगीजांची अडचण झाली हे खरे. पण गोव्यातील सामान्य माणूसही आता बाहेरच्या बातमीपासून तुटला. त्याच्या कानावर पडत होते ते पणजीचे सरकारी नभोवाणी केंद्र, 'एमिसोरा द गोआ'.

या कोंडीतून वाट निघाली ती दादरा-नगर हवेलीमुळे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा प्रदेश मुक्त केला तेव्हा पळून गेलेल्या पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले होते. त्यांत फेरबदल करून प्रक्षेपक तयार करण्यात आला. शत्रूच्याच यंत्रातून शत्रूला ऐकवायचे, असा हा प्रकार. सरदेसाई यांच्याबरोबर लिबिया लोबो होत्या, तर उभारणीच्या काळात निकोलाऊ मिनेझिस यांचाही सहभाग होता. मुंबईत वाढलेल्या लोबो यांनी दुसऱ्या महायुद्धात टपाल तपासणीचे काम केले होते. पुढे त्या आकाशवाणीत नोकरीला होत्या आणि वकिलीचे शिक्षणही त्यांनी घेतले होते.

जागा निवडली ती आंबोलीची. सुमारे ६९० मीटर उंचीचा हा घाटमाथा गोव्याच्या उशाशी आहे आणि त्या काळी तिथले रान इतके दाट होते की ट्रक उभा करून झाकता येई. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी पहिले प्रक्षेपण झाले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १५१० साली याच दिवशी अल्बुकर्कने गोवा जिंकला होता. केंद्राला पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबरदाद' आणि कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज' अशी नावे होती. कोकणी गावागावांतील श्रोत्यांसाठी, तर पोर्तुगीज ही अधिकारी, सैनिक आणि सुशिक्षित वर्गासाठी. हा दुसरा श्रोता सरदेसाई यांनी सोडला नाही, यात त्यांची राजकीय जाण दिसते. अंगोला, मोझांबिक येथील वसाहतविरोधी चळवळींच्या बातम्याही त्यांनी आवर्जून दिल्या.

आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. जळवा, साप, ओल आणि धुके यांच्या संगतीत दोन माणसांनी बातम्या जमवायच्या, लिहायच्या, भाषांतरित करायच्या आणि वाचायच्याही. आजारपणाची रजा नव्हती, कारण बदली निवेदक नव्हता. पुढे १९५६ मध्ये केंद्र कॅसलरॉकला, गोव्याच्या सीमेवरील रेल्वेस्थानकाच्या परिसरातील जंगलात हलले. पोर्तुगीजांनी प्रक्षेपणात अडथळे आणून पाहिले, पण आवाज बंद पडला नाही. १९३३ च्या कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी संच बाळगणे हा भारतात गुन्हा होता. असे केंद्र सहा वर्षे चालते आणि सरकारला त्याचा पत्ता नसतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. डोळेझाक होती आणि ती हेतुपुरस्सर होती, असेच म्हणावे लागेल.

डिसेंबर १९६१ मध्ये ही डोळेझाकही संपली. सैन्य सीमेवर जमले तेव्हा संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचे शरणागतीचे आवाहन पोर्तुगीज गव्हर्नर जनरलपर्यंत पोहोचविण्यासाठी याच केंद्राचा उपयोग करण्यात आला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्या दिवशी सरदेसाई आणि लोबो हे ध्वनिक्षेपक बसविलेल्या हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालत मुक्तीची वार्ता पोर्तुगीज आणि कोकणीतून सांगत होते, पत्रके टाकत होते. सहा वर्षे ज्यांनी लपून आवाज ऐकला, ते आता अंगणात येऊन वर पाहत होते.

या दोघांचा विवाह १९६४ साली झाला. दिवस निवडला तोही १९ डिसेंबर. लिबिया पुढे गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. सरदेसाई यांच्याकडे कालांतराने अंगोलातील भारताच्या राजदूतपदाची जबाबदारी आली. ज्या देशाच्या लढ्याच्या बातम्या ते रानातून पोर्तुगीज भाषेत वाचत असत, त्याच देशात, त्याच भाषेत, आता ते सरकारी शिष्टाचारानुसार बोलत होते. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ मध्ये, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी.