विश्लेषण : मुस्लिमांना ‘सॅरासेन’ म्हणणारे दमास्कसचे जॉन कोण होते?

इस्लामवर ग्रीक भाषेत सविस्तर लिहिणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती लेखकांमध्ये दमास्कसचे संत जॉन यांचे नाव येते. विशेष म्हणजे, त्यांनी मुस्लिमांना ‘मुस्लीम’ असे कुठेही म्हटलेले नाही.

जॉन यांचा जन्म इ.स. ६७५ च्या सुमारास उमय्यद खलिफांच्या राजधानीत, दमास्कसमध्ये झाला. घराणे ख्रिस्ती, पण नाव अरबी : मन्सूर. वडील सर्जून खलिफांच्या महसूल खात्यात वरच्या पदावर होते. जॉन यांनीही काही काळ दरबारी चाकरी केली आणि नंतर संन्यास घेतला. जेरुसलेमजवळच्या मार सबा मठात ते राहिले, असे परंपरा सांगते.

नावे आली कुठून?

पाखंडी पंथांची यादी देणाऱ्या त्यांच्या ग्रंथात शेवटचे, बरेच लांब प्रकरण इश्माएलींवर आहे. बायबलनुसार हागार ही अब्राहामाची दासी आणि इश्माएल तिचा मुलगा. अरब त्याचे वंशज, म्हणून ते इश्माएली किंवा हागारीन. ‘सॅरासेन’ची फोड जॉन यांनी वेगळीच केली : अब्राहामाची पत्नी सारा हिने हागारला रिकाम्या हाती घालवले, त्यावरून हे नाव पडले! ही व्युत्पत्ती खरी नाही. इस्लामच्या कितीतरी आधीपासून रोमन साम्राज्यात वाळवंटी अरब टोळ्यांना हा शब्द वापरला जात होता. युरोपात तो धर्मयुद्धांच्या काळातही टिकून होता.

जॉन यांना माहिती कमी होती, असे नाही. कुराणातील ‘गाय’, ‘स्त्रिया’ या सूरांची नावे त्यांना ठाऊक होती. मुस्लीम येशूला कुमारी मरियेच्या पोटी जन्मलेला प्रेषित मानतात, पण देवपुत्र मानत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. तरीही त्यांच्या लेखी इस्लाम हा स्वतंत्र धर्म नव्हताच. एका पाखंडी ख्रिस्ती भिक्षूच्या सहवासातून मोहम्मद यांनी तो रचला, असे त्यांनी ठरवून टाकले.

उलटलेला शिक्का

दरम्यान, बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने मूर्ती आणि पवित्र चित्रांच्या पूजेला विरोध सुरू केला. जॉन यांनी चित्रांच्या बाजूने तीन प्रबंध लिहिले. ते खलिफाच्या राज्यात राहत असल्याने सम्राटाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. जॉन यांच्या निधनानंतर, ७५४ मध्ये हिएरियाच्या धर्मसभेने त्यांना शाप दिला. तोही मन्सूर या अरबी नावाने आणि ‘सॅरासेन विचारांचा’ असे हिणवून. तो शाप ७८७ मध्ये निकिया येथील धर्मसभेने रद्द केला.