नाकातली गाठ आणि बीजगणिताचे कागद

चार पदांच्या दोन जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीतून सामाईक अवयव बाहेर काढायचा आणि दोन्हीकडे तोच कंस उरला की अवयव पडले! शाळेतली ही रीत बहुतेकांना आठवत असेल. समीकरणाकडे अवयवांचा गुणाकार म्हणून पद्धतशीरपणे पाहणाऱ्या पहिल्या काही गणितज्ञांमध्ये थॉमस हॅरियट होता.

त्याचा जन्म १५६०च्या सुमारास ऑक्सफर्ड परिसरात झाला. १५८० मध्ये पदवी घेतल्यावर तो सर वॉल्टर रॅलेच्या पदरी राहून खलाशांना नौकानयनाचे गणित शिकवू लागला. १५८५ मध्ये रॅलेने अमेरिकेतील रोआनोक बेटावर पाठवलेल्या वसाहतीत तोही होता. तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा तो शिकला आणि त्यांच्यासारखा तंबाखू ओढायलाही लागला. १५८८ साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याने या धुराने कफ मोकळा होतो, प्रकृती चांगली राहते, असे सांगितले. त्याच्या हयातीत छापलेले हे एकमेव पुस्तक.

पुढे नॉर्थम्बरलँडच्या अर्लने त्याला वर्षासन आणि लंडनजवळ राहायला जागा दिली. १६०९ च्या उन्हाळ्यात, गॅलिलिओच्या काही महिने आधी, त्याने दुर्बिणीतून पाहून चंद्राचे चित्र काढले. त्याचे बीजगणित मात्र कागदांतच राहिले.

अज्ञात राशीला तो एक अक्षर देई. तिला अ म्हटले, तर तिचा वर्ग अअ आणि घन अअअ. (अ − ब) आणि (अ + क) यांचा गुणाकार केला की अअ − बअ + कअ − बक अशी चार पदे मिळतात. आता उलट या. पहिल्या दोन पदांतून अ बाहेर काढा, उरलेल्या दोन पदांतून क. दोन्हीकडे (अ − ब) उरतो आणि मूळचे अवयव परत मिळतात.

अअ + २अ − १५ = ० हे समीकरण घ्या. मधल्या २अ चे ५अ − ३अ असे दोन भाग केले, की अ(अ + ५) − ३(अ + ५), म्हणजेच (अ + ५)(अ − ३) होते. गुणाकार शून्य असेल तर एक अवयव शून्य असलाच पाहिजे. म्हणून अ ची किंमत ३ किंवा −५. सगळी पदे एका बाजूला आणून दुसरीकडे शून्य ठेवण्याचे महत्त्व हॅरियटने ओळखले होते.

१६०३ मध्ये रॅले आणि १६०५ मध्ये अर्ल लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडले. हॅरियटलाही काही काळ तुरुंगात राहावे लागले. पुढे त्याच्या नाकात कर्करोगाची गाठ झाली आणि अखेरची काही वर्षे त्याने हे दुखणे सोसले. त्याला हा आजार तंबाखूमुळेच झाला, असे चारशे वर्षांनंतर ठामपणे म्हणता येत नाही. पण तंबाखूच्या धुराने नाक आणि सायनसचा कर्करोग होऊ शकतो, हे आता सिद्ध झाले आहे. एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवे.

मृत्यूच्या तीन दिवस आधी त्याने मृत्युपत्र केले आणि गणिताचे कागद नीट लावून त्यांतले उपयुक्त ते छापण्याचे काम मित्रांवर सोपवले. २ जुलै १६२१ रोजी तो गेला. दहा वर्षांनी, १६३१ मध्ये, त्याचे बीजगणित छापून आले. त्यात संपादकांनी ऋण उत्तरे गाळली होती. वरच्या उदाहरणातले −५ त्यांना मान्य झाले नसते. हॅरियटच्या हस्तलिखितांत मात्र अशी उत्तरे होती. १७८४ मध्ये अर्लच्या वंशजांच्या वाड्यात हे कागद सापडले, तेव्हा त्याचे खरे काम हळूहळू उजेडात येऊ लागले.